मीसन (व्हिएतनाम): डागडुजी चालू असलेली देवळं बघायला जाताना काय बघावं, काय टाळावं?

पायवाट (प्रश्न)

फेब्रुवारीत दा नांग आणि होई आनला चाललोय. एक पूर्ण दिवस मीसनच्या जुन्या, विटांच्या हिंदू देवळांसाठी राखून ठेवलाय. बरोबर आई आहे, वय ७२. सपाटीवर दोन-अडीच किलोमीटर आरामात चालते, पण चढ आणि पायऱ्या झेपत नाहीत.

टूरवाल्यांच्या पानांवर ‘व्हिएतनामचं छोटं अंगकोर’ आणि नाचाच्या कार्यक्रमाचा फोटो, यापलीकडे काही हाती लागत नाही. म्हणून जाणकारांना विचारतोय.

तिथे जतनाचं काम चालू आहे म्हणतात, तर उघडं काय असतं आणि झाकलेलं काय? आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने काम केलेली देवळं कुठली? त्यातलं जुनं कुठलं, नवं कुठलं, हे आपल्यासारख्याला ओळखता येतं का? २०२० मध्ये बातम्यांत आलेलं शिवलिंग बघायला मिळतं का? आईला त्यावर बेल-फूल वाहायचंय, ते चालेल का? आणि दा नांगचं संग्रहालय त्याच दिवशी उरकता येईल का?

वळणाचा_घाट

जायच्या-यायच्या गोष्टी मी सांगतो. विटांबद्दल बोलणारी मंडळी येतीलच मागून.

मीसन होई आनपासून साधारण ४० किलोमीटर आणि दा नांगपासून ७०. गाडीने तासभर आणि दीड तास धरा. मुक्काम दोन्हीकडे असेल तर मीसन होई आनहूनच करा. ड्रायव्हरसकट गाडी ‘थांबून परत’ या बोलीवर ठरवा. अॅपवर जाताना गाडी लगेच मिळते, परतीला मात्र त्या आडगावात हात चोळत बसायची वेळ येते. १ जुलै २०२५ पासून क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन झालाय, त्यामुळे काही नकाशांवर जुना पत्ता दिसतो, काहींवर नवा. घाबरू नका, जागा तीच.

फेब्रुवारीत जाताय तर तेतची तारीख आधी बघा. त्यांचं चांद्र नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं. त्या आठवड्यात गाड्यांचे दर चढतात, खानावळी बंद असतात आणि सगळा व्हिएतनाम सुट्टीवर असतो. हवेच्या दृष्टीने महिना उत्तम. पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थू बोन नदीला पूर येतो.

परदेशी माणसाला तिकीट दीड लाख डोंग, म्हणजे पाचेकशे रुपये. त्यातच फाटकापासून आतपर्यंतची विजेवरची गाडी येते (साधारण २ किलोमीटर), नाचाचा कार्यक्रमही येतो. फाटक सकाळी सहा-साडेसहाला उघडतं. टूरच्या बसगाड्या नऊ ते दहाच्या दरम्यान येऊन थडकतात आणि सगळे बी-सी-डी समूहात घुसतात (देवळांच्या समूहांची नावं अशी अक्षरांचीच आहेत). म्हणून सात वाजता आत असाल असं बघा. चहूबाजूंनी डोंगर असल्यामुळे दरीत वारा फिरत नाही, अकरानंतर फेब्रुवारीतही उकडतं.

वाट गोलाकार आहे. आईंसाठी हिशोब असा: बी, सी, डी आणि ए हे समूह जवळजवळ सपाटीवर, मध्ये ओढ्यावर पूल. जी समूह छोट्या टेकाडावर आहे, पायऱ्या आहेत, पण तो खालूनही बराच दिसतो. एच समूह चढावर, तिथे एकच मोठी भिंत उभी आहे. सोडला तरी चालेल. देवळांच्या आत शिरताना उंबरे उंच आणि दगडी पायऱ्या गुळगुळीत झालेल्या आहेत. गुडघ्याचा त्रास असेल तर घडीची काठी घ्या. सपाट तळव्याच्या चपला नकोत.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या: आखलेली वाट सोडून झाडीत जाऊ नका. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्याचे खड्डे बी-सी-डी आणि ए समूहांच्या आसपास आजही गवताखाली दिसतात. वाटांवरचे सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब काढलेत. बाजूच्या रानाची हमी कोणी देत नाही.

चुनखडी

जुनं-नवं ओळखता येतं, आणि मीसनला जाण्याचं अर्धं कारण तेच आहे. एका दरीत तीन-चार वेगवेगळ्या पिढ्यांची दुरुस्ती शेजारीशेजारी उभी आहे. कोणी काय केलं हे माहीत असेल तर भिंती स्वतःच बोलतात.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. चौथ्या शतकाच्या अखेरीस चंपाचा (आजच्या मध्य-दक्षिण व्हिएतनाममधलं चाम लोकांचं जुनं राज्य) राजा भद्रवर्मा याने इथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं, लाकडी. ते जळालं. सातव्या शतकाच्या सुरुवातीला शंभुवर्म्याने विटांचं बांधून देवाला शंभुभद्रेश्वर म्हटलं. पुढे तेराव्या शतकापर्यंत राजे भर घालत गेले. फ्रेंचांनी १८९८ नंतर जागा पुन्हा उजेडात आणली. १९०३-०४ मध्ये आंरी पार्मांतिए याने साफसफाई करून सत्तरहून अधिक वास्तूंची नोंद केली आणि समूहांना ए, बी, सी अशी अक्षरं आणि त्यांतल्या वास्तूंना आकडे दिले. आजची नावं तीच. १९३७ ते १९४४ मध्ये फ्रेंचांनी काही देवळं दुरुस्त केली. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात त्यातलं सर्वोत्तम, ए-१, कोसळलं.

आता भिंतीकडे या. सी-१ किंवा बी-५ च्या बाहेरच्या भिंतीजवळ, सावलीच्या बाजूला उभे राहा आणि दोन विटांमधली रेघ बघा. मूळ चाम कामात ती रेघ एक मिलिमीटरही भरत नाही. नखाचं टोक जात नाही. विटा एकमेकींवर घासून पृष्ठभाग जुळवून घेतलाय आणि मध्ये चिकट पदार्थाचा अगदी पातळ थर आहे. कोरीवकाम भिंत उभी राहिल्यावर केलंय, म्हणून वेलबुट्टी पाच-सहा विटा सलग ओलांडून जाते आणि सांध्यावर कुठेही तुटत नाही. बी-५ वर झाडाच्या दोन बाजूंना सोंडा गुंफलेले दोन हत्ती आहेत, ते बघताना हे चटकन लक्षात येईल: हत्तीच्या पाठीतून सांधे जातात, पण पाठीचा बाक मोडत नाही.

ही मूळ कामाची खूण डोक्यात ठेवून दुरुस्त्या बघा.

बी, सी, डी इथे १९८० च्या दशकात पोलंडचा वास्तुविशारद काझिमीएश क्वियाटकोव्स्की आणि व्हिएतनामी तुकडीने काम केलं. माणूस विलक्षण, आणि तो नसता तर त्यातल्या कितीतरी भिंती आज पडलेल्या असत्या. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आतून सिमेंट वापरलं गेलं. सिमेंट पाणी सहज पुढे जाऊ देत नाही. पायातून चढणारा आणि माथ्यावरून झिरपणारा ओलावा मग शेजारच्या जुन्या, सच्छिद्र विटेतून वाट काढतो. जाताना सिमेंटमधले क्षार घेऊन जातो, विटेच्या तोंडाशी येऊन वाळतो आणि क्षाराचे स्फटिक विटेची कातडी आतून ढकलून पाडतात. म्हणजे दुरुस्ती शाबूत राहते आणि मूळ वीट झिजते. पांढरट पट्टे, त्यांच्या शेजारी भुकटी होत असलेली वीट, अशी जोडी दिसली की हेच समजा.

जी समूह १२ व्या शतकाच्या मध्यातला. इथे युनेस्को, इटली आणि व्हिएतनाम यांनी मिळून २००३ ते २०१३ काम केलं. इटालियन तज्ज्ञांनी मूळ सांध्यांतले नमुने तपासले, झाडाच्या राळेचा अंश मिळाला, आणि दाउ राय नावाच्या स्थानिक झाडाची राळ, चुना आणि विटेची पूड असं मिश्रण नव्या सांध्यांसाठी वापरलं. (दाउ राय होड्यांच्या फटी बुजवायला तिथले लोक पूर्वापार वापरतात.) जी-१ च्या जोत्यावर ओळीने कीर्तिमुखं आहेत, ‘काल’ची तोंडं. ती जरूर बघा, खालच्या वाटेवरूनही दिसतात.

ए, एच आणि के हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम, २०१७ ते २०२२. आधी के आणि एच, मग ए. इथे काम सुरू झालं तेव्हा ए समूह म्हणजे झाडोऱ्याखालचा विटांचा ढीग होता. असा ढीग उपसताना घाई केली की सगळं संपतं. थराथराने उकरायचं, प्रत्येक दगडी तुकड्याची जागा टिपायची, शाबूत विटा वेगळ्या काढायच्या, आणि मूळ जोतं लागलं की तिथून वर चढायचं. नवी वीट जुन्या जागी घातलेली आहे तिथे ती एकसारख्या रंगाची आणि कडा धारदार असलेली दिसते. जुनीचा रंग एकाच भिंतीत नारिंगीपासून करड्यापर्यंत बदलतो आणि कोपरे गोलसर झालेले असतात. भिंतीच्या माथ्याकडेही लक्ष द्या: पाणी साचू नये म्हणून वरचा थर बंद करून उतार दिलेला असतो. छप्पर नसलेल्या भिंतीला खरा धोका वरून असतो, कारण भिंतीच्या गाभ्यात शिरलेलं पाणी बाहेर यायला महिने घेतं.

नव्या विटांवर पांढरी पूड किंवा हिरवट शेवाळ दिसलं तर लगेच ‘निकृष्ट काम’ म्हणून निकाल देऊ नका. नव्या विटेतले विरघळणारे क्षार पहिले काही पावसाळे बाहेर येतातच. वीट सोलली जातेय का, हे बघायचं. नुसती पूड असेल तर कोरड्या ब्रशने जाते.

हेमाडपंती

छान माहिती. एक शंका. मी असं वाचलंय की चाम लोक कच्च्या विटा रचून, त्यावर कोरून, मग अख्खं देऊळ भोवती लाकडं रचून भाजत असत. म्हणून सांधे दिसत नाहीत. यात तथ्य आहे का?

आणि आपल्याकडे विटांची देवळं फारशी नाहीत, त्यामुळे तुलना करायला अवघड जातं.

चुनखडी

भाजण्याची कल्पना लोकप्रिय आहे, पण टिकत नाही. या भिंती सहज मीटरभर जाडीच्या. बाहेरून जाळ केला तर बाहेरचा थर जळून काचेसारखा होईल आणि गाभा कच्चा राहील. प्रत्यक्षात पडलेल्या भिंतींचा गाभाही नीट भाजलेल्या विटेचा आहे. दुसरं, दाराच्या चौकटी, उंबरे आणि खांब वालुकाश्माचे आहेत. त्यातला क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतो. विटा भाजण्याइतकी आच दिली असती तर चौकटी तडकल्या असत्या.

विटांची देवळं आपल्याकडे आहेत की! धाराशिव जिल्ह्यात तेरला जा: त्रिविक्रमाचं गजपृष्ठाकार देऊळ आणि उत्तरेश्वर, दोन्ही विटांची. थोडं लांब, छत्तीसगडमध्ये सिरपूरचं लक्ष्मण मंदिर, सातव्या शतकातलं, म्हणजे मीसनच्या ई-१ च्या आसपासच्या काळातलं, आणि तिथेही कोरीवकाम विटेवरच. मीसनला जाण्याआधी तेर बघितलं तर नजर तयार होते. शिखरं आतून बघा: आपल्याकडे काय नि मीसनला काय, खरी कमान नाही, विटांचे थर एकेक बोट आत सरकवत वर मिटवलेत. अशा रचनेत वरच्या वजनाने खालचे थर दाबून धरलेले असतात. शेंड्यावर पिंपळ किंवा वडाच्या जातीचं रोप रुजलं, मुळांनी दहा-वीस विटा ढिल्या केल्या, की आतले थर एकामागून एक सुटतात. मीसनमध्ये शेंडे शाबूत असलेली देवळं इतकी कमी असण्याला बॉम्बइतकीच ही मुळंही कारण आहेत.

उभं_करा

मूळ प्रश्नाला थोडा फाटा. पार्मांतिएने ए-१ ची मोजमापं घेऊन रेखाचित्रं काढून ठेवलीत, जुने फोटो आहेत, आता विटाही बनवता येतात. मग आपल्या लोकांनी ए-१ पूर्ण उंचीचं उभं का केलं नाही? मध्य प्रदेशात मुरैनाजवळ बटेश्वरला पडलेल्या दोनशेच्या आसपास देवळांतली ऐंशीएक उभी केलीच ना, पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या के. के. मुहम्मद यांनी!

चुनखडी

बटेश्वर दगडाचं आहे, सगळा फरक तिथे आहे. दगडी देऊळ पडलं तरी त्याचे भाग भाग म्हणूनच राहतात. खुरशिला, कुंभ, स्तंभशीर्ष, आमलक, प्रत्येकाचा आकार सांगतो मी कुठला. खाचा आणि कुसू जुळवल्या की कोडं सुटतं. पडलेले मूळ भाग मूळ जागी लावणं याला जगभर मान्यता आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत तेवढीच मुभा आहे, नव्याने बांधायला नाही.

विटांचं देऊळ बॉम्बने उडालं की उरतो चुरा. ए-१ च्या ढिगातली वीट भिंतीत नेमकी कुठे होती हे कोणीही सांगू शकत नाही. रेखाचित्रावरून उभं केलंच, तर ते नव्या विटांचं नवं देऊळ होईल आणि खाली उरलेलं खरं दहाव्या शतकातलं जोतं त्याच्या वजनाखाली जाईल. मीसन १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तो दर्जाही अडचणीत येईल. माझ्या मते आहे ते ठीक आहे: जोतं, भिंतींचा खालचा भाग, पूर्व आणि पश्चिम अशी दोन दारं (बाकी बहुतेक देवळांना एकच, पूर्वेचं) आणि मधोमध पीठाचे प्रचंड दगड. उंची हवी असेल तर पार्मांतिएचं रेखाचित्र फोनमध्ये घेऊन त्या जागी उभे राहा. सुमारे आठ मजली इमारतीएवढं काहीतरी तिथे होतं.

शिलालेख_वाचक

लिंग आणि बेल-फुलाचा प्रश्न राहूनच गेला.

ज्याचा फोटो २७ मे २०२० ला परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी टाकला, ते लिंग ए समूहातल्या ए-१० चं. वालुकाश्माचं, नवव्या शतकातलं, लिंग आणि योनिपीठ एकाच दगडातून काढलेलं. मीसनमधली बाकीची बरीच लिंगं वेगळी घडवून पीठात बसवलेली आहेत, त्यामुळे हे वेगळं. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिएतनामने ए-१० च्या पीठाला राष्ट्रीय ठेवा जाहीर केलं. आहे तिथेच, जागेवरच बघायला मिळतं. पीठावरून पाणी बाहेर नेणाऱ्या नाळेची दिशा बघा, सोमसूत्र ओळखीचं वाटेल.

बेल-फूल, दूध, हळद-कुंकू काहीही वाहू नका, उदबत्तीही नको. तिथे नित्यपूजा नाही, आणि हा केवळ नियमाचा भाग नाही. वालुकाश्म सच्छिद्र असतो. दुधातली स्निग्धता आणि साखर दगडात मुरली की बुरशीला खाद्य मिळतं. कुंकवाचा लाल रंग एकदा छिद्रांत गेला की निघत नाही, आणि काढायला गेलं तर दगडाचा थर सोबत येतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीची अभिषेकांनी झालेली झीज आणि २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याला करावं लागलेलं संवर्धन आठवा, म्हणजे पुरे. मीसनचं लिंग तर अर्धं शतक मातीखाली होतं. बाहेरच्या हवेशी जुळवून घेतंय. बेलाची पानं विमानातून नेणंही टाळा, झाडपाल्याला सीमेवर हरकत घेतली जाऊ शकते.

आईंना मनापासून हात जोडता येतील, त्याला कोणी आडकाठी करत नाही. बूट काढायची सक्ती नाही. काढलेत तर विटांच्या कणीवर अनवाणी चालवणार नाही, सांभाळा. पूजा चालू असलेलं चाम देऊळ बघायचं असेल तर ते दक्षिणेला आहे: न्हा त्रांगचं पो नगर, आणि फान रांगचं पो क्लाँग गाराई. आजचे चाम हिंदू शरद ऋतूत काते उत्सव पो क्लाँग गाराईला करतात.

संग्रहालयाबद्दल: दा नांगचं चाम शिल्प संग्रहालय त्याच दिवशी नको, आदल्या दिवशी करा. मीसनमध्ये देवळं आहेत पण देव नाहीत. चांगली शिल्पं फ्रेंचांच्या काळातच दा नांगला गेली. आधी मूर्ती बघितल्या की दुसऱ्या दिवशी रिकामे गाभारे रिकामे वाटत नाहीत. संध्याकाळी पाचला बंद होतं, दोन तास धरा. तिकीट ६० हजार डोंग. मुख्य शिल्पं तळमजल्यावरच आहेत, आईंना बसायला बाकं आहेत.

तिथे मीसनच्या दालनात तीन गोष्टींना वेळ द्या. ई-१ चं पीठ: चारी बाजूंनी तपस्वी आहेत, कोणी बासरी वाजवतंय, कोणी पोथी वाचतंय, कोणी दुसऱ्याचं अंग चेपतंय, आणि पायरीवर नाचणाऱ्यांची त्रयी. ई-१ चीच दारावरची पट्टी: शेषशायी विष्णू, नाभीतून कमळ, त्यावर ब्रह्मदेव. आणि ई-५ चा गणपती. हा उभा आहे, चार हातांचा, सोंड वाडग्यात घातलेली, आणि एका हातात चक्क पाल्यासकट मुळा! आपल्याकडच्या जुन्या गणेशमूर्तींतही मुळा सापडतो, पण इथे पानं इतकी ठसठशीत की आईंनाही लांबून ओळखता येईल.

दुसऱ्या दिवशी मीसनमध्ये पोहोचल्यावर डी-१ आणि डी-२ या लांबट दालनांत उरलेली शिल्पं आणि लेखांचे दगड ठेवलेत. तिथल्या लेखांचा काळ शकात मोजलेला असतो. प्रकाशधर्म राजाचा प्रसिद्ध संस्कृत लेख शके ५७९ चा, म्हणजे इ.स. ६५८. ब्राह्मण कौंडिण्य आणि नागकन्या सोमा यांची कथा त्यातच येते. वरच्या अक्षरांचे ठसे दिसत नसतील तर टॉर्च दगडाला समांतर, बाजूने धरा. समोरून उजेड टाकलात की अक्षरं सपाट होतात. फ्लॅश तर अजिबात नको.

वळणाचा_घाट

उजेडाचा मुद्दा देवळांनाही लागू. बहुतेक दर्शनी बाजू पूर्वेला, त्यामुळे साडेसात ते नऊ या वेळात कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी बारा वाजता त्याच भिंतीचा फोटो काढलात तर लाल भिंत आणि काळी चौकट, एवढंच मिळेल.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला लिंगाचं वाचून दाखवलं, पटलं तिला. आता एवढंच सांगा: ई आणि एफ समूह बघायला जावं का? एक ठिकाणी वाचलं की तिथे पत्र्याची शेड आहे आणि काही दिसत नाही. आणि नाचाचा कार्यक्रम वेळ घालवण्याजोगा आहे का? आमच्याकडे आतमध्ये साधारण चार तास आहेत.

चुनखडी

एफ-१ वर बरीच वर्षं शेड आहे. उत्खननानंतर उघड्या पडलेल्या विटा पावसाने झिजू नयेत म्हणून ती घातली. ऑगस्ट २०२४ मध्ये एफ समूहाच्या जतनासाठी भारत-व्हिएतनाम यांच्यात ठरलंय, त्यामुळे तिथे कुंपण, परांच्या, ताडपत्र्या दिसणं साहजिक आहे. दिसलं तर वळून परत येऊ नका. चालू काम बघायला मिळणं ही पर्वणीच. कुंपणाबाहेरून हे बघा: विटांचे ढीग लावलेत का क्रमाने, प्रत्येकावर खुणा आहेत का, भिंतीला आधार दिलाय तिथे लाकूड आणि वीट यांच्यामध्ये मऊ पट्टी आहे का, आणि पाणी जायला चर कुठून काढलाय. चांगलं काम चालू असेल तर चर सगळ्यात आधी झालेला असतो. कामगारांचे फोटो काढायचे तर हाताने खूण करून विचारा. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

के जवळून जाताना, त्याच्या पूर्वेला उत्खननात सापडलेला जुना रस्ता विचारा. विटांच्या दोन भिंतींमधला, साधारण ८ मीटर रुंद, ई-एफ च्या दिशेने जाणारा. २०२३-२४ च्या उत्खननात तो नीट समोर आला. के हे सुटं देऊळ नसून या वाटेचं दार असावं, असं आता म्हणतात, आणि त्याची पूर्व-पश्चिम दोन तोंडं बघितली की ते पटतंही. काही भाग परत मातीने झाकला असला तर तेही जतनच: उघडी वीट पावसात जितकी भराभर झिजते तितकी मातीखाली झिजत नाही.

चार तासांचा हिशोब: बी-सी-डी दीड तास, ए पाऊण तास, जी खालून वीस मिनिटं, ई-एफ अर्धा तास, के पंधरा मिनिटं. बाकी चालणं आणि बसणं. बी-सी-डी आधी, बसगाड्या यायच्या आत.

वळणाचा_घाट

नाच अप्सरांचा, वीसेक मिनिटांचा, पारंपरिक म्हणण्यापेक्षा पर्यटकांसाठी बसवलेला. पण मंडपात सावली आहे, पंखे आहेत, बाकं आहेत. आईंना विसावा म्हणून जरूर घ्या, फाटकावर वेळा लिहिलेल्या असतात. फाटकाजवळ जपानच्या मदतीने उभारलेलं छोटं संग्रहालय आहे, त्यात सगळ्या दरीची प्रतिकृती आहे. ती जाताना बघा, येताना नको. समूहांची अक्षरं डोक्यात बसतात.

पाणी माणशी दीड लिटर, छत्री, डासांचं मलम आणि छोटी दुर्बीण बरोबर ठेवा. शिखरांवरच्या कोनाड्यांतल्या मूर्ती नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. आणि ड्रायव्हरला परतीची वेळ साडेअकरा सांगा, साडेबारा नव्हे.